शब्द न सापडणाऱ्या मुलांसोबत खेळसत्र कसं घ्यावं: नव्या समुपदेशकांसाठी

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समोर बसवून "तुला काय होतंय?" असं विचारलं की बहुतेक वेळा "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं. मूल लपवतच असतं असं नाही. मनात काय चाललंय ते ओळखायचं, त्याला नाव द्यायचं आणि वर ते मोठ्या माणसाला नीट सांगायचं, हे सगळं एकदम त्याला झेपत नाही. तेच मूल भातुकलीतलं बाळ उचलून कपाटामागे टाकतं, मगरीला अख्खं घर खायला लावतं, आणि जे सांगायचं ते सांगून टाकतं. आपलं काम ते नीट बघण्याचं आणि आपण बघतोय हे त्याला कळू देण्याचं. खेळणी कितीही महागाची आणली आणि हे जमलं नाही, तर ती नुसती करमणूक होते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलिन यांनी १९४७ मध्ये खेळोपचाराची आठ तत्त्वं मांडली. बालककेंद्री पद्धत आजही त्यांवरच चालते. मूल पुढे आणि आपण मागे, मूल जसं आहे तसं स्वीकारायचं, घाई करायची नाही, मर्यादा लागतील तेवढ्याच घालायच्या, हा त्यांचा गाभा. साधारण ३ ते ११ वर्षांच्या मुलांना ही पद्धत लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. समुपदेशनाचं शिक्षण घेऊन शाळेत, दवाखान्यात किंवा संस्थेत नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. दोन दिवसांची कार्यशाळा केली म्हणून कुणी प्ले थेरपिस्ट होत नाही. आपली सत्रं नियमितपणे एखाद्या अनुभवी मार्गदर्शकापुढे मांडण्याची सोय आधी करा, खेळणी त्यानंतर घ्या.

जागा आणि सामान

स्वतंत्र खोली मिळाली तर १२ बाय १५ फुटांची पुरते. शाळेत ती क्वचितच मिळते. मग ग्रंथालयाचा किंवा रिकाम्या वर्गाचा एक कोपरा घ्या, ६ बाय ६ फुटांची सतरंजी अंथरा आणि ती सतरंजी हीच खेळाची जागा धरा. जागा लहान असली तरी चालेल, पण सत्र सुरू असताना कुणी "मॅडम, जरा रजिस्टर हवं होतं" म्हणत आत येता कामा नये. एकदा असं झालं की मूल पुढची दोन सत्रं दाराकडेच बघत बसतं. दाराला बाहेरून पाटी लावा आणि शिपाईमामांनाही आधीच सांगून ठेवा. आतून कडी मात्र लावू नका.

खेळणी निवडताना तीन गटांचा विचार करा. पहिला गट रोजच्या जगण्यातला: बाहुल्यांचं कुटुंब (त्यात आजी-आजोबा आणि तान्हं बाळ हवंच), भातुकली, डॉक्टरची पेटी, रिक्षा, बस, पोलिसांची गाडी, रुग्णवाहिका. खेळण्यातले फोन दोन ठेवा. एकच असला तर मूल एकटं बोलतं, दोन असले की दुसरा आपोआप तुमच्या हातात येतो. दुसरा गट राग आणि भीती बाहेर काढायला: वाघ, साप, मगर, डायनासोर, सैनिक, रबरी सुरी, मारायला एक जाड उशी. हा गट पालकांना आणि मुख्याध्यापकांना खटकतो. पण तो नसेल तर या खोलीत फक्त गोड वागायचं असतं, असा मुलाचा समज होतो. तिसरा गट घडवायचा आणि विस्कटायचा: कागद, जाड खडू, माती किंवा कणीक, वाळू, ठोकळे, जुनी वर्तमानपत्रं.

बॅटरीवर चालणारी, बटण दाबलं की गाणं म्हणणारी खेळणी घेऊ नका. त्यांचा खेळ आधीच ठरलेला असतो. मोडकी खेळणी काढून टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक वस्तू दर वेळी त्याच जागी ठेवा. गेल्या आठवड्यात अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे न्यायला मूल तोच वाघ शोधत येतं. तो सापडला नाही तर गोष्ट तिथेच तुटते.

वाळूपेटीबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या लोकांची सामानात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी मुलांना वाळू आणि छोट्या वस्तू देऊन त्यांचं जग मांडू दिलं. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्यातून वाळूखेळाची पद्धत घडवली. प्रचलित पेटी ७२ बाय ५७ सेंटिमीटर, ७ सेंटिमीटर खोल असते आणि आतून निळी रंगवलेली असते. वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसावं म्हणून तो रंग. ती निम्मी भरायची तर वीस किलोंहून जास्त वाळू लागते, आणि एवढं वजन रोज उचलून ठेवणं एकट्याला जमत नाही. जागा कायमची नसेल तर साधारण ५० बाय ३५ सेंटिमीटरचा कडक प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, त्यात ३ सेंटिमीटर थर द्या. आठेक किलोंत काम होतं. पातळ ट्रे उचलताना मधोमध वाकतो आणि वाळू सांडते.

बांधकामावरची क्रश सँड वापरू नका. तिचे कण धारदार असतात आणि धूळ नाकात जाते. बारीक नदीची वाळू आणा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. ओली वाळू हवी असणाऱ्या मुलांसाठी फवारणीची लहान बाटली ठेवा, बादली ठेवू नका. पावसाळ्यात ओली वाळू झाकून ठेवली की दोन दिवसांत कुबट वास येतो, म्हणून सत्रानंतर ती वर्तमानपत्रावर पसरून वाळवा.

शाडू गणपतीच्या आधी सगळीकडे मिळतो, एरवी शोधावा लागतो. त्याऐवजी घरची कणीक चालते: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ चमचे तेल आणि पाऊण वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला. मीठ ओलावा ओढतं, त्यामुळे गोळा दुसऱ्या दिवशी आणखी सैल पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. मुलाच्या बोटाला कापलं किंवा खरचटलं असेल तर त्या दिवशी कणीक देऊ नका, मीठ झोंबतं. गव्हाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधीच विचारा.

आधी पालकांना भेटा

पहिली भेट मुलाशिवाय, पाऊण तासाची. त्रास कधी सुरू झाला, त्याच्या आसपास घरात काय घडलं (बाळंतपण, मृत्यू, बदली, भांडणं, शाळा बदलणं), झोप, भूक, अंथरूण ओलं होणं, बोलणं आणि ऐकणं, कुणाजवळ मूल शांत होतं. अचानक बोलणं कमी झालं असेल, फिट येत असतील, मूल स्वतःला इजा करत असेल, तर नुसत्या खेळावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

पालकांची लेखी संमती घ्या आणि गोपनीयतेची रेघ तेव्हाच आखा: "सत्रात काय चाललंय त्याचा सूर मी तुम्हाला सांगेन, पण तो काय बोलला, काय काढलं, हे शब्दशः सांगणार नाही. त्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला तर मात्र सांगेन." हे पहिल्या दिवशी बोललं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात आई दारातच विचारते, "आज काही बोलला का आमच्याबद्दल?"

मुलाला काय सांगून आणायचं, तेही पालकांना शिकवावं लागतं. "मॅडमना सगळं खरं खरं सांग हं" हे वाक्य सत्राचा घात करतं. त्याऐवजी: "एका ताईंकडे खेळण्यांची खोली आहे. दर मंगळवारी तू तिथे जाणार आहेस. घरी शाळेत जे जड जातं, ते तिथे खेळता येतं." जुने कपडे घालून पाठवायला सांगा. बाहेर आल्यावर "शहाण्यासारखा वागलास ना?" असं विचारायचं नाही, हेही सांगा.

पहिलं सत्र

सत्र ३० ते ४५ मिनिटांचं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. दोन सत्रांमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा, आवरायला आणि नोंदीला.

आत आल्यावर सांगायचं एवढंच: "या खोलीत तुला बऱ्याच गोष्टी तुला हव्या तशा खेळता येतील. आपल्याकडे चाळीस मिनिटं आहेत." "काहीही कर" म्हणू नका, कारण ते खरं नाही. काच फोडायला गेला की तुम्ही थांबवणारच. नियमांची यादीही वाचून दाखवू नका. ज्याला सुचलं नव्हतं त्यालाही त्यामुळे सुचतं.

मग जमिनीवर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. ते खोलीत फिरलं तरी मागे मागे जाऊ नका, फक्त वळून त्याच्याकडे तोंड करा. आपल्याकडची मुलं शाळेतून परवानगीची सवय घेऊन येतात: "मॅडम, हे घेऊ? हा कोणता प्राणी आहे? बरोबर काढलं का?" पहिली दोन-तीन सत्रं यातच गेली तरी बिघडत नाही. दर वेळी उत्तर एकच: "इथे ते तू ठरवायचं." वस्तूचं नावही आपण आधी सांगायचं नाही. आपण "रुग्णवाहिका" म्हटलं की ती रुग्णवाहिकाच उरते. त्या मुलासाठी ती कदाचित आजोबांना घेऊन गेलेली आणि परत न आलेली गाडी असेल.

काही मुलं पूर्ण वेळ गप्प उभी राहतात. राहू द्या. पाच-सात मिनिटांनी एखादं वाक्य: "अजून ठरवतोयस. बघून घेतोयस सगळं." कंटाळून खेळणं पुढे सरकवायचा मोह होतो. तो आवरा.

काय बोलायचं, काय नाही

समजा, घरात नुकतंच बाळ आलेला सहा वर्षांचा मुलगा आहे. तो बाहुलीचं बाळ वाळूत पुरतो, वरून थापतो आणि म्हणतो, "मेलं ते." इथे नवा समुपदेशक तीनपैकी एक चूक करतो. "अरे, बाळाला असं करतात का?" म्हणतो, आणि मुलाला कळतं की इथेही घरासारखंच आहे. किंवा विचारतो, "तुला तुझ्या बहिणीचा राग येतो का?" मूल "नाही" म्हणतं, बाळ बाहेर काढतं आणि ठोकळ्यांकडे जातं. किंवा घाबरून विषय बदलतो.

सांगायचं तेवढंच जेवढं दिसतंय: "तू त्याला पूर्ण झाकलंस. आता ते कुणालाच दिसत नाही." आणि थांबायचं. मनात दहा अंक मोजले तरी चालतील. तो पुढे म्हणाला, "त्याच्यामुळे दादाला ओरडा बसतो," तर: "बाळामुळे ओरडा खावा लागतो. दादाला खूप राग आलाय." दादा कोण, हे आपल्याला कळलेलं असतं. तरी ते उघड करायचं नाही. दादाच्या आडून त्याला बोलता येतंय, तो आडोसा काढून घेतला की बोलणं बंद होतं.

"का?" हा प्रश्न पूर्ण टाळा. मुलाच्या कानाला तो जाब विचारल्यासारखा लागतो, आणि उत्तरात तुम्हाला हवंसं काहीतरी मिळतं. कौतुकही जपून करा. "किती छान चित्र!" म्हटलं की पुढच्या आठवड्यात डोंगर, सूर्य आणि नदी येते, कारण छान काढायचं असतं. "अख्खं आभाळ काळं केलंस. खडू झिजेपर्यंत घासलंस" हे चालतं. त्यात निवाडा नाही आणि मेहनत दिसल्याची पावती आहे.

भावनेला नाव देताना राग आणि दुःख या दोनच शब्दांवर भागवू नका. हिरमुसणं, रुसणं, ओशाळणं, हेवा वाटणं, एकटं पडणं, चिडचिड, जीव घाबरा होणं, पोटात गोळा येणं, असे कितीतरी शब्द घराघरांत बोलले जातात आणि मुलं ते पटकन उचलतात. मूल "भ्या वाटतं" म्हणालं तर तुम्हीही "भ्या" म्हणा, "भीती" अशी दुरुस्ती करू नका. "कसंतरी होतंय" हे तर हमखास ऐकू येईल. तेव्हा "कुठे होतंय कसंतरी?" एवढा प्रश्न चालतो. बहुतेक मुलं पोटावर किंवा छातीवर हात ठेवतात. नाव चुकलं तर मूल स्वतःच सांगतं, "नाही, तो रडत नाहीये, झोपलाय." लगेच मान्य करा: "बरं, झोपलाय."

मर्यादा घालताना

स्वतःला किंवा तुम्हाला इजा, खोलीची मोडतोड, वाळू अंगावर फेकणं, मध्येच बाहेर पळणं आणि खेळणी घरी नेणं, एवढ्याच गोष्टी थांबवायच्या. अमेरिकेतले खेळोपचारतज्ज्ञ गॅरी लँड्रेथ यांची तीन टप्प्यांची रीत सोपी आहे: आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. "तुला माझा खूप राग आलाय. पण मला मारायचं नाही. उशीला मारता येईल." आवाज चढवायचा नाही आणि क्रम बदलायचा नाही. मर्यादा आधी आली की मुलाला फक्त "नाही" ऐकू येतं. दोन-तीनदा सांगूनही तेच चाललं तर निवड त्याच्यावर सोपवा: "पुन्हा वाळू फेकलीस, तर आज वाळूपेटी बंद करायची असं तू ठरवलंस." आणि खरंच बंद करा. इथे ढिलाई दाखवली तर मुलाला खोली असुरक्षित वाटू लागते, कारण त्याचा राग थोपवणारं कुणीच नाही असं त्याला दिसतं.

ठरवून घ्यायचे काही खेळ

ओळख जमल्यावर, साधारण चौथ्या सत्रापासून, गरज वाटली तर एखादा खेळ आपण सुचवू शकतो. मूल नको म्हणालं तर तो विषय तिथेच सोडायचा.

शरीराचं चित्र: मोठ्या ड्रॉइंग पेपरवर माणसाची रिकामी बाह्यरेषा काढा. मुलाने चार भावना निवडायच्या, प्रत्येकीला रंग द्यायचा आणि ती अंगात जिथे राहते तिथे रंगवायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, सहा वर्षांपुढच्या मुलांना जमतं. रंग मुलानेच ठरवायचे. राग म्हणजे लाल, हे आपण सांगून टाकलं की खेळ पाठांतराचा होतो.

कागद फाडणं: दाबून धरलेला राग असलेल्या मुलांसाठी. पाच मिनिटं वर्तमानपत्रं फाडायची, मग तुकड्यांचे गोळे करून दोन मीटरवरच्या टोपलीत टाकायचे. गोळे करण्याचा भाग वगळू नका. फाडून झाल्यावर अंगात आलेला जोर त्यानेच उतरतो, नाहीतर मूल त्याच भरात वर्गात परततं.

हातबाहुली: जुन्या मोज्याला डोळे रंगवले की झाली. लहान मुलांसाठी बटणं शिवू नका, तोंडात जातात. न बोलणाऱ्या मुलासाठी एक लाजाळू बाहुली ठेवा, जी फक्त मुलाच्या कानात कुजबुजते. ती काय म्हणाली, ते मूल आपल्याला सांगतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना भातुकली "बारक्यांची" वाटते. त्यांच्यासाठी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ विनिकॉट यांचा रेघोट्यांचा खेळ उत्तम: तुम्ही डोळे मिटून एक रेघोटी ओढायची, मुलाने तिचं काहीतरी बनवायचं, मग उलट. आठ-दहा कागद होतात आणि मध्येच कुठेतरी एखादं चित्र येतं, ज्यावर मूल रेंगाळतं. तिथे तुम्हीही थांबा.

शेवटची पाच मिनिटं आणि नोंदी

"पाच मिनिटं उरली," मग "एक मिनिट उरलं," असं दर वेळी सांगा. वेळ वाढवू नका, मूल रंगात असलं तरी. मुलं महत्त्वाचं बोलणं अनेकदा दाराशी जाताना काढतात. "हे महत्त्वाचं आहे, पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू" म्हणा आणि खरंच तिथूनच सुरू करा. वाळूतली मांडणी मुलासमोर मोडू नका. ते गेल्यावर, संमती असेल तर फोटो काढून, मग आवरा.

नोंदीत आधी काय दिसलं ते लिहा: पहिलं खेळणं कोणतं उचललं, कोणती गोष्ट पुन्हा आली, कोण जिंकलं, कोणाला वाचवलं, कुठे मर्यादा घालावी लागली. अर्थ वेगळ्या रकान्यात, पेन्सिलने. काळा रंग म्हणजे नैराश्य, मारामारी म्हणजे घरी मारहाण, असे सरधोपट अर्थ लावून कुटुंबांचं फार नुकसान होतं. काळा खडू टोकदार होता म्हणूनही उचललेला असतो. निदान तीन सत्रांत एकच धागा दिसला तर त्याचा विचार सुरू करा. तोच खेळ त्याच क्रमाने, त्याच वाईट शेवटावर थांबत राहिला आणि खेळल्यावर मूल हलकं होण्याऐवजी आणखी ताठरलं, तर मार्गदर्शकांकडे लगेच जा. आघात झालेल्या मुलांच्या खेळात असं होतं, आणि तिथे नुसतं बघत राहणं पुरत नाही.

अत्याचाराचा संशय आला तर

खेळात वयाला न शोभणारं लैंगिक वर्तन वारंवार दिसलं किंवा मूल काही बोललं, तर चेहरा शांत ठेवा. "तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस" एवढं म्हणा. कोण, कधी, कसं, अशी उलटतपासणी करू नका आणि बाहुल्यांवर "दाखव" म्हणू नका. तपासाचं काम तुमचं नाही, आणि सुचवणाऱ्या प्रश्नांमुळे मुलाच्या जबाबावरच शंका घेतली जाते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कलम १९ नुसार अशी माहिती किंवा आशंका असलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं होत नाही. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८.

सत्रं थांबवताना

झोप, भूक, शाळेत जाणं सुधारलं, खेळातल्या गोष्टींना नवे शेवट येऊ लागले, मूल रागावल्यावर हात उगारण्याऐवजी "मला राग आलाय" म्हणू लागलं, की थांबण्याचा विचार करा. ज्यांनी आधीच कुणाला गमावलंय त्यांच्यासाठी अचानक थांबणं हा दुसरा धक्का असतो, म्हणून निदान तीन-चार आठवडे आधी सांगा. एका कागदावर तेवढे चौकोन काढा, दर सत्राच्या शेवटी मुलाने एक रंगवायचा. या काळात पालकांना आठवड्यातून एकदा वीस मिनिटं घरी असंच खेळायला शिकवा: मोबाइल बाजूला, उपदेश नाही, मूल सांगेल ते. अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने १९६०च्या दशकात पालकांनाच असं तयार करण्याची पद्धत रुजवली, आणि आपल्याकडे आजी-आजोबाही हे छान करतात.

शेवटच्या एक-दोन सत्रांत जुनं वागणं उसळून येतं. पुन्हा अंथरूण ओलं होतं, पुन्हा वाळू फेकली जाते. पालक घाबरून सत्रं वाढवा म्हणतात. हे होणार, असं त्यांना आधीच सांगून ठेवा आणि ठरलेली तारीख बदलू नका. महिन्याभराने एक भेट मात्र आत्ताच ठरवून मुलाला सांगा, तारखेसकट.